आकाराची प्राप्ती आणि आकाराचे नियंत्रण : झिंक ऑक्साइडच्या नॅनोरचनांवरील संशोधनाचा परामर्श

शास्त्रीय लेखनातील काही शब्द वापरून वापरून इतके गुळगुळीत होतात की, त्यांचा मूळ अर्थ काय होता याची चौकशी करण्याची गरजही कोणास वाटेनाशी होते. झिंक ऑक्साइडच्या नॅनोरचनांवरील गेल्या पंचवीस वर्षांच्या वाङ्मयात ‘आकारनियंत्रण’ या शब्दाची अवस्था अशीच झालेली आहे. निबंधाच्या मथळ्यात हा शब्द असतो, प्रस्तावनेत असतो, निष्कर्षात तर असतोच; परंतु मधल्या प्रायोगिक भागात त्याला आधार शोधू गेल्यास पुष्कळदा एवढेच हाती लागते की, अमुक भांड्यात अमुक द्रव्ये अमुक वेळ तापविली असता अमुक आकाराचे कण मिळाले. आकार मिळणे ही एक घटना होय. आकाराचे नियंत्रण हे एक सामर्थ्य होय. घटनेची नोंद करणारा निबंध सामर्थ्याचा दावा करू लागला, म्हणजे त्याचे परीक्षण करणे प्राप्त होते.

या सैलपणाची झळ ठाणे, कल्याण व डोंबिवली या परिसरातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांस विशेष लागण्यासारखी आहे. जो विषय थोड्या साधनांनिशी हाताळता येतो तो साहजिकच महाविद्यालयीन प्रयोगशाळांकडे येतो, आणि झिंक ऑक्साइड हा असा विषय आहे. झिंक नायट्रेट, हेक्झामीन, शुद्ध पाणी, काचेची पट्टी आणि ९० अंश सेल्सिअसच्या आसपास स्थिर राहणारा ओव्हन एवढ्या सामग्रीवर काम सुरू होते. निर्वात पंप लागत नाही की हजार अंशांची भट्टी लागत नाही. ठाण्याचे बांदोडकर विज्ञान महाविद्यालय, कल्याणचे बिर्ला महाविद्यालय किंवा डोंबिवलीचे पेंढरकर महाविद्यालय अशा संस्थांतून शिकणाऱ्या विद्यार्थ्यास हा प्रयोग आवाक्यातला वाटावा हे योग्यच आहे. अडचण येते ती पुढे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक जेथे हाताशी नसतो तेथे नमुने बाहेर पाठवावे लागतात, प्रत्येक नमुन्यामागे शुल्क पडते, आणि परत येतात ती मोजकी चित्रे. त्यांतील सर्वांत देखणे चित्र प्रबंधात जाते व त्याखाली ‘नियंत्रित आकार’ असे लिहिले जाते. यात विद्यार्थ्याचा दोष असलाच तर थोडा. त्याच्यापुढे आदर्श म्हणून जे वाङ्मय ठेवलेले असते, त्यातच ही प्रथा रुळलेली आहे. म्हणून प्रथम त्या वाङ्मयाकडेच वळावयास हवे.

१

आकार कशाने ठरतो हे पाहिल्यावाचून नियंत्रणाची चर्चा व्यर्थ होय. झिंक ऑक्साइडचा स्फटिक सामान्यतः वुर्टझाइट या षट्कोनी जातीचा असतो. त्याच्या एकक पेशीच्या तळाची बाजू ०.३२५ नॅनोमीटर आणि उंची ०.५२१ नॅनोमीटर आहे. उभ्या मुख्य अक्षाच्या दिशेने जस्ताचे व ऑक्सिजनचे थर आळीपाळीने रचलेले असतात; त्यामुळे स्फटिकाच्या एका टोकाचे पृष्ठ जस्ताचे व दुसऱ्या टोकाचे ऑक्सिजनचे होते. ही दोन पृष्ठे ध्रुवीय होत. बाजूच्या सहा पृष्ठांवर दोन्ही जातींचे अणू सारख्याच संख्येने असतात. ती अध्रुवीय होत.

स्फटिकवाढीचा नियम प्रथमदर्शनी विपरीत वाटतो. जे पृष्ठ वेगाने पुढे सरकते ते आकसत जाऊन प्रसंगी नाहीसे होते, आणि जे मंदगतीने वाढते तेच शेवटी स्फटिकाची सीमा म्हणून उरते. झिंक ऑक्साइडमध्ये जस्ताचे ध्रुवीय पृष्ठ सर्वांत जलद वाढते. म्हणून कोणतीही विशेष योजना न करताही स्फटिक मुख्य अक्षाच्या दिशेने लांबतो व सहा बाजूंची कांडी तयार होते. हेच जलद पृष्ठ कोणत्या तरी उपायाने रोखले तर लांबी खुंटते आणि षट्कोनी चकती तयार होते. कांडी व चकती या दोन टोकांच्या दरम्यान सुई, स्तंभ, शंकू असे बहुतेक साधे आकार वेगांच्या निरनिराळ्या गुणोत्तरांतून निघतात.

येथे एक भेद ध्यानी धरणे अगत्याचे आहे. वुल्फ याने १९०१ साली स्फटिकाच्या समतोल आकाराचा जो नियम मांडला तो पृष्ठऊर्जेवर आधारलेला आहे. पुरेसा अवधी मिळाल्यास स्फटिक जो आकार घेईल त्याचे तो वर्णन करतो. स्नानात दोनचार तासांत वाढलेल्या कांड्या हा समतोल आकार नव्हे. तो वाढीच्या वेगांचा आकार होय. त्यामुळे वाढ कोणत्या क्षणी थांबविली यावर तो अवलंबून राहतो. स्नानातील जस्त संपत आले की, जे टोक जलद वाढत होते तेच प्रसंगी जलद विरघळू लागते. कांड्या कमी तापमानाच्या द्रावणात तशाच राहू दिल्यास त्यांची टोके आतून पोखरली जाऊन नळ्या तयार होतात, ही गोष्ट सुविदित आहे. एकच स्नान सायंकाळी कांडी देते आणि रात्र उलटल्यावर नळी देते. तेव्हा ‘या स्नानातून नळ्या मिळतात’ हे विधान वेळ व तापमान यांचा इतिहास सांगितल्यावाचून अपुरे ठरते.

२

या वाङ्मयाचा आरंभ नॅनोयुगाच्या पुष्कळ आधीचा आहे. लॉडाइस व बॉलमन यांनी १९६० सालीच दाबाखालील उष्ण अल्कधर्मी द्रावणातून झिंक ऑक्साइडचे मोठे स्फटिक वाढविले होते, आणि निरनिराळ्या पृष्ठांचे वेग निरनिराळे असतात हे त्या काळापासून अभ्यासकांच्या परिचयाचे होते. २००१ साली पॅन, दाई व वांग यांनी उच्च तापमानाच्या वाफेतून ऑक्साइडांच्या नॅनोपट्ट्या मिळविल्या आणि या द्रव्याकडे सर्वांचे लक्ष वेधले. परंतु महाविद्यालयीन प्रयोगशाळेच्या दृष्टीने खरा महत्त्वाचा टप्पा २००३ सालचा होय. त्या वर्षी व्हेसिएर याने झिंक नायट्रेट व हेक्झामीन यांच्या समसंहत जलीय द्रावणातून, पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या खालीच, कांड्यांचे उभे थर वाढविले. त्याच्या निबंधाचे मर्म एका साध्या निरीक्षणात आहे : द्रावणाची संहती ०.१ मोलरवरून ०.०१ मोलरवर आणली असता कांड्यांचा व्यास एकदोन मायक्रोमीटरवरून १०० ते २०० नॅनोमीटरपर्यंत उतरला. संहती दहापट कमी, व्यास सुमारे दहापट कमी. एक राशी बदलावी व दुसरी त्या मानाने बदललेली दिसावी, हे नियंत्रणाचे पहिले लक्षण येथे स्पष्ट आढळते.

त्याच वर्षी टियन व सहकाऱ्यांनी सायट्रेटचा उपयोग केला. सायट्रेट ध्रुवीय पृष्ठास चिकटते, लांबीची वाढ मंदावते आणि चकत्यांच्या चळती तयार होतात. पुढे २००५ साली ग्रीन, यांग व सहकाऱ्यांनी झिंक ॲसिटेटचे अपघटन करून आधारपट्टीवर आधी झिंक ऑक्साइडच्या बीजांचा थर घातला व त्यावर कांड्या वाढविल्या. कांडी उभी राहील की आडवी याचा निर्णय बीजस्तर करतो, हे त्यावरून सिद्ध झाले. या तीन कृतींतून तीन स्वतंत्र सूत्रे हाती आली : संहतीने जाडी, चिकटणाऱ्या द्रव्याने प्रमाण आणि बीजाने दिशा.

याच सुमारास शेकडो निबंधांतून ज्या नव्या आकारांची नावे अवतरली, त्यांचे मूल्य मात्र एवढे नाही. फुले, कंगवे, झुपके, पुष्पगुच्छ, साळिंदर अशी सृष्टीच जणू द्रावणात उतरली. आरंभीच्या अन्वेषणात नव्या आकाराची नोंद करणे हे कार्य आहेच. वनस्पतिशास्त्रही आधी नामावली करते व मग वर्गीकरण करते. परंतु ‘फूल’ हे वर्णन होय, परिमाण नव्हे. एका केंद्रकापासून अनेक कांड्या फुटल्या की त्यास फूल म्हणावयाचे, आणि द्रावण अतिसंपृक्त झाले की असे समूह बहुधा मिळतातच. म्हणजे ज्याला विशेष योजनेचे फळ म्हणून सादर केले जाते ते पुष्कळदा घाईने झालेल्या अवक्षेपणाचे चिन्ह असते. पाकळ्यांची लांबी, जाडी, संख्या आणि त्यांतील विचलन हे दिले नसेल तर दोन प्रयोगशाळांतील दोन ‘फुले’ एकच आहेत की नाहीत हे ठरविण्याचा मार्गच उरत नाही.

३

आकाराचे श्रेय कारणापेक्षा समजुतीला कसे दिले जाते, याचे उत्तम उदाहरण हेक्झामीनच्या प्रकरणात मिळते. २००६ साली सुगुणन, जॉयदीप दत्ता व सहकाऱ्यांनी असे प्रतिपादन केले की, हेक्झामीनचा रेणू कांडीच्या अध्रुवीय बाजूंना चिकटतो, तेथे जस्ताचा शिरकाव रोखतो आणि म्हणून वाढ केवळ टोकाकडे होते. ही कल्पना सुटसुटीत होती आणि चित्रात काढून दाखविण्यास सोपी होती. तेव्हा पुढील अनेक निबंधांत ती सिद्धांताप्रमाणे उद्धृत होऊ लागली.

दुसरी कल्पना अधिक साधी होती. गरम पाण्यात हेक्झामीनचे सावकाश जलीय अपघटन होऊन फॉर्माल्डिहाइड व अमोनिया तयार होतात, अमोनियामुळे द्रावणात हायड्रॉक्सिल आयन थोडे थोडे येत राहतात आणि झिंक ऑक्साइड संथपणे निर्माण होते. ॲशफोल्ड व सहकाऱ्यांनी २००७ साली या वाढीच्या वेगाचा अभ्यास करून हेक्झामीनच्या या मंद पुरवठ्याकडे लक्ष वेधले होते. २०११ साली मॅकपीक, बॅक्स्टर व सहकाऱ्यांनी प्रश्न थेट प्रयोगाच्या कसोटीवर घासला. हेक्झामीन वगळून, द्रावणाचा सामू उदासीनतेजवळ अन्य उपायांनी राखून, त्यांनी कांड्या वाढविल्या. आणि अवरक्त वर्णपटाच्या साहाय्याने पाहता वाढीच्या परिस्थितीत हेक्झामीन झिंक ऑक्साइडच्या पृष्ठास चिकटल्याचे आढळले नाही. कांडी हेक्झामीनशिवायही होते. तेव्हा कांडीचा आकार हा स्फटिकाचा स्वतःचा कल होय, आणि हेक्झामीनचे काम त्या कलास पुरेसा अवकाश मिळेल अशा संथ गतीने हायड्रॉक्सिल पुरविण्याचे होय.

मौज अशी की, या निर्णयाची चाहूल ज्याने आकारमितीय विश्लेषणाचा पाठ्यक्रम पुरा केला आहे अशा कोणत्याही विद्यार्थ्यास लागण्यासारखी होती. झायलेनॉल ऑरेंज हा दर्शक वापरून ईडीटीएने जस्ताचे अनुमापन करताना द्रावणाचा सामू ५ ते ६ च्या दरम्यान राखण्यासाठी जे द्रव्य घालतात ते हेक्झामीनच होय. प्रयोगशाळेच्या एका टेबलावर ज्याची ओळख सामू राखणारे द्रव्य म्हणून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, त्यालाच शेजारच्या टेबलावर आकार घडविणारा शिल्पी ठरविण्यात आले. पाच वर्षे ही समजूत टिकली याचे कारण तिच्याविरुद्ध पुरावा मिळविणे कठीण होते असे नाही. हेक्झामीन वगळून पाहण्याचा प्रयोग फारसा कोणी केला नाही, हे होय.

या प्रकरणातून जी कसोटी निष्पन्न होते ती सर्वत्र लागू करता येईल. एखादा घटक आकाराचे कारण आहे असे म्हणावयाचे असेल तर तो वगळला असता आकार बदलला पाहिजे, त्याचे प्रमाण बदलले असता आकार क्रमाने बदलला पाहिजे, आणि त्याच्यासोबत नकळत बदलणाऱ्या इतर राशी, विशेषतः सामू आणि आयनांची एकूण संहती, स्थिर ठेवलेल्या असल्या पाहिजेत. तिसरी अट सर्वांत अधिक वेळा मोडली जाते. द्रावणात अमोनिया घातला आणि सुया मिळाल्या, म्हणजे अमोनियाने सुया घडविल्या असे होत नाही. अमोनियाने सामू वाढविला, जस्ताशी संयुग बनवून मुक्त जस्ताचे प्रमाण घटविले आणि अतिसंपृक्तता बदलली. या तिघांपैकी कार्यकारी कोण हे न सांगता केलेला दावा अर्धवट होय.

या कसोटीस पूर्णतः उतरणारे काम वाङ्मयात नाही असे मात्र नाही. २०११ सालीच जू, जेकबसन व सहकाऱ्यांनी अल्कधर्मी स्नानात जस्तेतर धातूंचे आयन अल्प प्रमाणात मिसळले. त्या परिस्थितीत स्फटिकाच्या टोकावरील व बाजूंवरील विद्युत्भार भिन्न असतात. म्हणून कोणत्या धातूचे संयुग कोणत्या पृष्ठाकडे ओढले जाईल हे त्याच्या भारावरून आधी वर्तविता येते. त्याप्रमाणे लांबी व व्यास यांचे गुणोत्तर सुमारे ०.१ पासून १०० पर्यंत, म्हणजे चपट्या चकतीपासून बारीक सुईपर्यंत, बदलून दाखविण्यात आले. येथे तत्त्व प्रथम आले, भाकीत त्यानंतर आणि चित्र सर्वांत शेवटी. नियंत्रण या शब्दाचा अधिकार अशा कृतीस पोचतो.

४

स्नानातील जस्ताने आकार बदलणे हा अनुभव कल्याणच्या परिसरास अपरिचित नाही, याचे स्मरण येथे अप्रस्तुत होणार नाही. मोहोने येथील नॅशनल रेयॉनचा कारखाना २००९ साली बंद पडला. शहाड येथील सेंच्युरी रेयॉनचे नाव तर रेल्वेच्या प्रवाशांसही ठाऊक आहे. व्हिस्कोस रेयॉनच्या निर्मितीत सेल्युलोज झँथेटचे दाट द्रावण सूक्ष्म छिद्रांतून ज्या स्नानात सोडतात, त्यात सल्फ्युरिक आम्ल व सोडियम सल्फेट यांच्याबरोबर झिंक सल्फेटही असते. आम्लाने सेल्युलोज पुन्हा घनरूप होते. जस्त तंतूच्या पृष्ठभागाशी झँथेटशी जोडले जाऊन ही क्रिया मंदावते, त्यामुळे तंतू ताणता येतो, आणि त्याची बाहेरची साल व आतला गाभा यांची घडण निराळी होते. गाभा मागाहून आकसत असल्याने तंतूच्या छेदाची कड दंतुर दिसते. जस्ताचे प्रमाण बदलले की सालीची जाडी बदलते.

हा पदार्थ निराळा, मोजमापाची पातळी निराळी आणि रसायनही निराळे. तेव्हा साम्य ताणण्याचे कारण नाही. बोध आहे तो पद्धतीचा. अशा स्नानातील आम्ल, सोडियम सल्फेट व जस्त यांची प्रमाणे आणि तापमान सतत तपासून ठराविक मर्यादेत राखावी लागतात; कारण मर्यादा सुटली की धागा बिघडतो आणि बिघडलेला धागा विकला जात नाही. एक उत्तम तंतू दाखवून कारखाना चालत नाही. कालच्या धाग्यासारखाच आजचा धागा असावा लागतो. प्रयोगशाळेत याच्या उलट परिस्थिती असते. तेथे एक उत्तम चित्र पुरेसे ठरते आणि दुसऱ्या दिवशीच्या नमुन्याबद्दल कोणी विचारीत नाही. उद्योगाला बाजार जी शिस्त लावतो ती संशोधनास परीक्षकांनी लावावयास हवी.

५

आकाराचा प्रश्न शेवटी उपयोगाशी भिडतो, आणि तेथे सैल विधानाचे परिणाम अधिक गंभीर होतात. डोंबिवली, अंबरनाथ व ठाणे या पट्ट्यात रंग व रसायने यांचे उद्योग असल्याने, रंगीत सांडपाणी प्रकाशाच्या साहाय्याने शुद्ध करण्यासाठी झिंक ऑक्साइड, हा प्रबंधाचा विषय या भागात स्वाभाविकपणे सुचतो. आकाराचा त्याच्याशी संबंध आहे यास आधारही आहे. मॅक्लारेन, त्सांग व सहकाऱ्यांनी २००९ साली दाखविले की, ज्यांत ध्रुवीय पृष्ठांचा वाटा मोठा आहे अशा षट्कोनी चकत्या मिथिलीन ब्लूच्या अपघटनात कांड्यांपेक्षा पाचपटींहून अधिक कार्यक्षम ठरल्या.

परंतु या एका निष्कर्षाचा विस्तार करताना तीन गोष्टी विसरल्या जातात. पहिली, कणांचा आकार बदलला की त्यांचे पृष्ठफळही बदलते. तेव्हा दर चौरस मीटरमागे क्रियाशीलता दिली नसेल तर श्रेय आकारास की क्षेत्रफळास हे कळत नाही. दुसरी, मिथिलीन ब्लू स्वतः प्रकाश शोषून घेतो व उत्प्रेरकावाचूनही काही अंशी फिका पडतो. शिवाय रंग जाणे म्हणजे रेणू नष्ट होणे नव्हे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. झिंक ऑक्साइड उभयधर्मी आहे. आम्लात ते विरघळते, तीव्र अल्कलीतही विरघळते, आणि पाण्यात अतिनील प्रकाशाखाली त्याचे हळूहळू क्षरणही होते. कारखान्याचे सांडपाणी प्रयोगशाळेतील शुद्ध पाण्यासारखे उदासीन नसते. ज्या पृष्ठांना क्रियाशील म्हणून निवडावे तीच आधी झिजू लागतात, आणि परिश्रमपूर्वक मिळविलेला आकार वापरातच हरपतो. त्याबरोबर पाण्यात जस्त उतरते. भारतातील पर्यावरण नियमांनुसार नदीनाल्यांत सोडावयाच्या सांडपाण्यात जस्ताची मर्यादा दर लिटरला ५ मिलिग्रॅम आहे. रंग काढून जस्त घालणारी शुद्धी वालधुनी व उल्हास यांच्या काठच्या लोकवस्तीस कितपत मानवेल याचा विचार प्रबंधकर्त्याने केला पाहिजे. प्रयोगापूर्वीचे व नंतरचे चित्र, आणि प्रयोगानंतर गाळलेल्या पाण्यातील जस्ताचे प्रमाण, या दोन नोंदींशिवाय अशा प्रबंधातील उपयोगाचा दावा स्वीकारू नये.

६

टीका केवळ दोषदर्शनावर थांबली तर तिचे कार्य अपुरे राहते. अल्प साधनांच्या प्रयोगशाळेने या विषयात काय करावे, हा प्रश्न शिल्लक राहतो. अल्प साधने म्हणजे अल्प मूल्य असे समीकरण महाराष्ट्रात तरी मांडता येणार नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात लोखंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी रासायनिक स्नानातून पातळ थर वाढविण्याचा अभ्यास वर्षानुवर्षे केला. माने व लोखंडे यांचा २००० सालचा आणि पठाण व लोखंडे यांचा २००४ सालचा आढावा या क्षेत्रात सर्वत्र वाचला जातो. साधे भांडे आणि सातत्य यांच्या बळावर काय होऊ शकते याचे हे उदाहरण होय.

महाविद्यालयीन प्रयोगशाळेजवळ एक साधन हमखास असते, आणि याच वाङ्मयात त्याची सर्वांत अधिक उपेक्षा झालेली आहे : ब्युरेट. झिंक नायट्रेटचा नेहमीचा षड्जलीय स्फटिक हवेतील बाष्प ओढून ओलसर होतो. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात उघड्या बाटलीतून तोलून घेतलेल्या द्रव्यात जस्त लेबलावरील हिशेबापेक्षा कमी भरणार हे उघड आहे. आणि संहतीवर जाडी अवलंबून असेल तर जूनमधील कांडी जानेवारीतील कांडीशी जुळणार नाही. द्रावण करून ईडीटीएने त्याचे अनुमापन केले, तर ही अनिश्चितता अर्ध्या तासात संपते. त्याचप्रमाणे वाढ चालू असताना ठराविक अंतराने थोडे द्रावण काढून, गरम असतानाच गाळून, त्यातील उरलेले जस्त मोजले, तर जस्त किती वेगाने खर्ची पडते याचा आलेख मिळतो. पट्टीवरील थर आम्लात विरघळवून त्याचेही अनुमापन केले, तर एकूण जस्तापैकी किती पट्टीवर बसले व किती तळाशी साका म्हणून वाया गेले हेही कळते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे शुल्क न भरता मिळणारी ही माहिती कित्येक छापील निबंधांत सापडत नाही.

नोंदीच्या बाबतीतही काटेकोरपणा हवा. भांड्याचे आकारमान व ते किती भरले होते, तापमान ९० अंशांवर पोचण्यास किती वेळ लागला, पट्टी उभी होती की पालथी, आरंभी व अखेरीस सामू किती होता, पाण्याची विद्युत्‌वाहकता किती होती, नमुना केव्हा बाहेर काढला व कसा धुतला, हे सर्व लिहिले पाहिजे. पट्टी पालथी ठेवली तर द्रावणात तयार झालेला साका तिच्यावर बसत नाही; ही एवढीशी बाब न लिहिल्यामुळे दुसऱ्याचा प्रयोग फसतो. सूक्ष्मदर्शकाची चित्रे थोडी मिळणार असतील तर ती अधिक विचाराने खर्चावी : एकाच कृतीचे तीन स्वतंत्र नमुने पाठवावेत, पट्टीवरील ठिकाणे आधी ठरवून घ्यावीत, निदान शंभर कांड्यांची लांबी व जाडी मोजावी आणि सरासरीबरोबर विचलनही द्यावे. दहा कृतींची दहा देखणी चित्रे एकेकदा मिळविण्यापेक्षा दोन कृती पाच वेळा करून पाहणे या शास्त्रास अधिक उपकारक आहे. शक्य असेल तेथे ठाण्यातील कृती डोंबिवलीच्या विद्यार्थ्याने, केवळ लिखित वर्णनावरून, पुन्हा करून पाहावी. लोकलने अर्ध्या तासाच्या अंतरावर असलेल्या दोन प्रयोगशाळांत जी कृती जुळत नाही, तिला नियंत्रण म्हणता येणार नाही. आणि जी जुळते, तिचे वर्णन जगात कोठेही उपयोगी पडेल.

यावर असा आक्षेप येईल की, पुनरावृत्तीस पदवी मिळत नाही आणि नियतकालिके नावीन्य मागतात. आक्षेप वस्तुस्थितीस धरून आहे. परंतु हेक्झामीनच्या प्रकरणाने दाखविले आहे की, नावीन्य पुष्कळदा जुन्या कृतीतील एक घटक वगळून पाहण्यातच दडलेले असते. परीक्षकांनी प्रबंध हाती घेताना प्रथम चित्रे न पाहता नोंदवही पाहण्याचा प्रघात पाडला, आणि ‘नियंत्रण’ हा शब्द जेथे भाकीत व पडताळा नाही तेथे खोडून ‘प्राप्ती’ असा दुरुस्त केला, तर विद्यार्थ्याच्या कामाची किंमत कमी होणार नाही. त्याने जे केले ते नेमके काय होते एवढेच स्पष्ट होईल, आणि पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यास कोठून आरंभ करावयाचा हेही कळेल.